गर्भनिवारणाची विद्या : पोथ्यांतील पाठ आणि ‘समाजस्वास्थ्य’

जुन्या घराण्यांचीं दप्तरें आणि वैद्यांचीं बाडें चाळणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. स्तोत्रांची किंवा हिशेबाची वही संपली कीं मागल्या कोऱ्या पानांवर निराळ्या हातानें औषधांचे पाठ उतरून घेतलेले असतात. विंचवाचा उतारा, हिवतापाचा काढा, गुरांच्या रोगावरील धुरी. आणि ह्या सर्वांच्या मध्येंच, गर्भ राहूं नये म्हणून करावयाचा एखादा उपाय. असा पाठ हातीं आला म्हणजे आमचे संपादक बहुधा दोहोंपैकीं एक मार्ग पत्करितात. कोणी संकोचानें ती ओळ गाळतो. कोणी अभिमानानें ती पुढें करून म्हणतो कीं, जी विद्या पाश्चात्यांनीं कालपरवां शोधिली ती आमच्या पूर्वजांस शेंकडों वर्षांपूर्वींच अवगत होती. पहिल्या मार्गानें ऐतिहासिक साधनाची हानि होते हें उघड आहे. दुसऱ्या मार्गानें होणारी हानि तितकी उघड नाहीं. परंतु ती अधिक मोठी आहे, कारण ती कागदाची नसून माणसाची आहे. तिचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

पूर्वपक्ष थोडक्यांत असा मांडितां येईल. गर्भनिवारणाचे उपाय आमच्या वैद्यकग्रंथांत व कामशास्त्रावरील ग्रंथांत विपुल आहेत. तेव्हां रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, अथवा १५ जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, ह्यांत नवें असें कांहीं नाहीं. जुनीच विद्या त्यांनीं पाश्चात्य वेषांत पुन्हां आणिली, इतकेंच. ह्या पक्षाची परीक्षा करितांना तीन कसोट्या लाविल्या पाहिजेत. पाठ करावयास पुरेल इतका पूर्ण आहे काय? तो चुकीचा असल्यास ती चूक उघडकीस आणण्याची सोय त्या परंपरेंत आहे काय? आणि ज्यांस त्याची खरी गरज, त्या तरुण स्त्रीपुरुषांच्या हातीं तो पडतो काय?

प्रथम पाठांकडे वळूं. भावप्रकाश, योगरत्नाकर ह्यांसारख्या, महाराष्ट्रांतील वैद्यांच्या नित्य वापरांत असलेल्या ग्रंथांत सर्वांत प्रसिद्ध पाठ पिंपळी, वावडिंग आणि टांकणखार ह्यांच्या समभाग चूर्णाचा आहे. तें चूर्ण ऋतुसमयीं दुधाबरोबर घ्यावें म्हणजे गर्भ राहत नाहीं, असें सांगितलें आहे. दुसरा पाठ जास्वंदीचा : फूल कांजींत वाटून रजःस्रावाच्या काळीं तीन दिवस खावें, वर मूठभर जुना गूळ खावा. तिसरा तांदुळजाच्या मुळाचा. तें तांदुळाच्या धुवणांत वाटून ऋतूच्या शेवटीं तीन दिवस प्यावयाचें. ह्यांशिवाय कडुनिंबाच्या काष्ठाची धुरी आहे, आणि तेलांत माखलेला सैंधवाचा खडा आंत ठेवण्याचाही उपाय आहे. कल्याणमल्लाच्या अनंगरंगांत तीन वर्षांच्या जुन्या गुळाचें सेवन पंधरा दिवस सांगितलें आहे.

आतां हेच पाठ पाठचिकित्सेच्या दृष्टीनें वाचावे. पिंपळीच्या पाठांत तीन द्रव्यांचें परस्परांशीं प्रमाण आहे, परंतु एका वेळीं चूर्ण किती घ्यावें हें नाहीं, किती दिवस घ्यावें हेंही नाहीं. जास्वंदीच्या पाठांत दिवस आहेत, गुळाचें मानही आहे, पण फुलें किती ह्याचा उल्लेख नाहीं. कोणी म्हणेल कीं मात्रा गुरुमुखानें कळत असे. तें मान्य केलें तरी त्याचा अर्थ इतकाच होतो कीं, विद्या ग्रंथांत नव्हती, वैद्यापाशीं होती. आणि नवी सून वैद्यापर्यंत पोंचावयाची तर ती सासूच्याच परवानगीनें पोंचावयाची. नातवाची वाट पाहणाऱ्या सासूकडून ती परवानगी ह्या कामीं मिळाली असती काय, हें वाचकांनींच ठरवावें.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट फलश्रुतींत आहे. तांदुळजाच्या पाठाचें फल म्हणून स्त्री वंध्या होते असें सांगितलें आहे; अनंगरंगांतील गुळाचें फल तर जन्मभर टिकणारें. पिंपळीच्या पाठांत गर्भ राहत नाहीं एवढेंच आहे; किती काळ, हें मोघम. म्हणजे तात्पुरतें निवारण आणि कायमचें वंध्यत्व हा भेद ह्या वाङ्मयांत स्पष्ट झालेलाच नाहीं. तरुण जोडप्यास मूल नकोच असें क्वचित् असतें. त्यास तें आतां नको असतें. दोन वर्षांनीं हवें असतें, किंवा पहिल्यानंतर चार वर्षांनीं दुसरें हवें असतें. ज्या शास्त्रांत ह्या ‘आतां’ला शब्द नाहीं तें शास्त्र तरुणांसाठीं लिहिलेलें नाहीं, हें मान्य करण्यास अडचण पडूं नये.

हे पाठ केवळ कल्पित होते असेंही म्हणतां येत नाहीं. तीव्र क्षारजलानें वीर्यांतील जीव मरतात, हें खरें आहे. त्यामुळें सैंधवाच्या खड्यांत कांहीं निरीक्षण असावें. परंतु तोच क्षार नाजूक त्वचेस इजा करितो. जास्वंदीच्या फुलाच्या अर्कानें उंदीरजातीच्या प्राण्यांत गर्भधारणेस अडथळा होतो असें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील प्रयोगांत दिसून आलें. पण त्यांतून माणसाला भरंवशानें देतां येईल असें औषध निघालें नाहीं. पिंपळी-वावडिंग-टांकणखाराचा योग तर आधुनिक प्रयोगशाळांनीं आस्थेनें तपासला. तेव्हां गर्भावस्थेंत तो दिलेल्या उंदरांचीं पिलें वजनानें कमी भरलीं. उपाय फसून गर्भ राहिला तर त्याच्यावर काय परिणाम होईल, हा प्रश्न मूळ पाठास पडलेलाच नव्हता. लेखकामागून लेखकानें तो श्लोक जसाच्या तसा उतरला. फसलेल्या उपायाची नोंद समासांत करण्याची चाल नव्हती. आणि जिचा उपाय फसला तिच्या हातीं लेखणी नव्हती.

दुसऱ्या कसोटीसाठीं ऋतुकालाचें उदाहरण फार बोधप्रद आहे. मनुस्मृतींत स्त्रियांचा स्वाभाविक ऋतु सोळा रात्रींचा सांगून त्यांतील पहिल्या चार, तसेंच अकरावी व तेरावी, ह्या वर्ज्य ठरविल्या आहेत. सुश्रुत ऋतु बारा रात्रींचा मानितो, आणि दिवस सरल्यावर कमळ मिटतें त्याप्रमाणें ऋतु सरल्यावर गर्भाशयाचें द्वार मिटतें असा दृष्टांत देतो. हें वर्णन ठोकळ मानानें सत्याच्या जवळ आहे. उलट एकोणिसाव्या शतकांतील कित्येक युरोपीय डॉक्टर जनावरांच्या माजावरून अनुमान करून, रजःस्रावाच्या आसपासचा काळ गर्भधारणेचा आणि मधला काळ निर्धास्त, असें शिकवीत. म्हणजे जे दिवस सर्वांत धोक्याचे तेच त्यांनीं सुरक्षित ठरविले होते. येथें आमच्या अभिमानी संपादकास आनंद होईल. परंतु त्यानें तेंच प्रकरण थोडें पुढें वाचावें. सम रात्रीं समागम झाल्यास पुत्र व विषम रात्रीं झाल्यास कन्या, हेंही मनूनें तितक्याच निश्चयानें सांगितलें आहे. सोळा रात्रींचें विधान निरीक्षणांतून आलेलें, सम-विषमाचें निराधार. दोन्हीं विधानें एकाच प्रकरणांत, एकाच अधिकारवाणीनें, एकमेकांशेजारीं बसलेलीं आहेत, आणि त्यांतील खरें कोणतें हें ओळखण्याचें साधन त्या ग्रंथांत नाहीं. युरोपीय डॉक्टरांची चूक अधिक घातक होती. परंतु जपानांत ओगिनो ह्यांनीं १९२४ मध्यें आणि ऑस्ट्रियांत क्नाउस ह्यांनीं त्याच दशकाच्या शेवटीं स्वतंत्रपणें ती दाखवून दिली, आणि ती सुटली. विद्येची योग्यता ती प्रथम बरोबर होती कीं नाहीं ह्यावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती आपली चूक कशी सोडते ह्यावर आहे.

तिसरी कसोटी तरुणांची. येथें वात्स्यायनास न्याय देणें अवश्य आहे, कारण हा प्रश्न त्यानें विचारिला होता. तारुण्यापूर्वींच मुलीनें कामशास्त्र व त्याच्या अंगविद्या शिकाव्या आणि लग्नानंतर पतीच्या अनुमतीनें शिकाव्या, असें तो सांगतो. स्त्रियांस शास्त्र कळत नाहीं म्हणून त्यांस शिकविणें व्यर्थ, हा आक्षेप तो स्वतःच मांडून खोडून काढितो : प्रयोग तर सर्वच करितात, शास्त्र जाणणारे थोडे, पण त्या प्रयोगाच्या मुळाशीं शास्त्रच असतें. शिकविणारीं माणसेंही तो मोजून देतो. बरोबर वाढलेली व विवाह झालेली धात्रीकन्या, निर्भयपणें बोलतां येईल अशी मैत्रीण, समवयस्क मावशी, विश्वासू वृद्ध दासी, परिचयाची भिक्षुणी, विश्वासांतील थोरली बहीण. तरुण मुलीनें असल्या गोष्टी कोणाला विचाराव्या, ह्याची इतकी समंजस यादी जुन्या वाङ्मयांत विरळाच. परंतु ह्या शिक्षकांनीं काय शिकवावें हें पाहूं लागलें तर चौसष्ट कलांच्या लांब यादींत फुलांची आरास आहे, रत्नपरीक्षा आहे, पोपट-मैनांस बोलावयास शिकविणें आहे, गर्भनिवारण नाहीं. शिक्षक एका ग्रंथांत राहिले, पाठ दुसऱ्या ग्रंथांत.

ह्या तिन्हीं कसोट्या ध्यानांत ठेवून ‘समाजस्वास्थ्या’चे अंक वाचले म्हणजे त्यांचें खरें वेगळेपण दिसतें. कर्वे गणिताचे अध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायीं त्यांस महाविद्यालयांतील नोकरी सोडावी लागली. पण गणितज्ञाची वृत्ति सुटली नाहीं. अमुक साधन अमुक कारणानें उपयोगी, अमुक कारणानें फसतें, असें ते शिक्षकासारखें मांडीत. मूल केव्हां व किती व्हावें हें ठरविण्याचा हक्क स्त्रीचा आहे, हा त्यांच्या लेखनाचा कणा होय. राष्ट्राची लोकसंख्या ही त्यांच्या दृष्टीनें नंतरची गोष्ट. सर्वांत मोलाचा भाग वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा. धात्रीकन्येला किंवा थोरल्या बहिणीला जें विचारतां येत नव्हतें तें लोक टपालानें विचारूं लागले, आणि त्यांस उपदेशाऐवजीं उत्तर मिळूं लागलें. वात्स्यायनाच्या यादींत मासिकाचा संपादक हें एक नवें नांव पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. ह्याच उत्तरांबद्दल १९३४ सालीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. खटला हरला व कर्व्यांस २०० रुपये दंड झाला. पुढें १९३८ मध्यें आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळांत संततिनियमनाच्या प्रसारासाठीं ठराव आला. तोही नामंजूर झाला.

तथापि गुणवर्णनानें परीक्षण पुरें होत नाहीं. ‘समाजस्वास्थ्या’चा पहिला दोष त्याच्या उपहासांत आहे. ब्रह्मचर्याचा पुरस्कार करणाऱ्यांवर कर्वे इतके तुटून पडतात कीं, जो वाचक अजून कोणत्याच बाजूस नाहीं तो बिचकून दूर होतो. दुसरा दोष मुखपृष्ठाचा. नग्नतेविषयींचें त्यांचें मत काय होतें तें असो; नग्न चित्रें मुखपृष्ठावर छापल्यामुळें अंक घरांत उघडपणें ठेवतां येत नव्हता. ज्या तरुणास माहितीची निकड होती त्यास तो लपवूनच वाचावा लागे, आणि लपवून वाचलेली माहिती दुसऱ्याशीं बोलून पडताळतां येत नाहीं. तिसरी उणीव त्यांची एकट्याची नाहीं, काळाची आहे. १९३१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील साक्षर स्त्रिया शेंकडा ३ च्या आसपास होत्या. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलींच्या लग्नाचें किमान वय चौदा केलें. त्या वयाच्या विवाहितेस हें मासिक वाचतां येत असण्याचा संभव किती थोडा! छापील अक्षर पोथीच्या पुढें गेलें खरें, पण उंबरठ्यापाशींच थांबलें. १९५३ सालीं कर्व्यांबरोबर मासिकही संपलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९५२ मध्यें, भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला होता.

आज ही चर्चा केवळ पुराणवस्तुसंग्रहाची राहिली आहे असें कोणी समजूं नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत गर्भनिरोधाचें एखादें तरी साधन ठाऊक असणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ९९ च्या वर निघालें. हा आंकडा वाचून समाधान मानणें म्हणजे सूचीपत्रांत ग्रंथाचें नांव सांपडलें म्हणून ग्रंथ वाचल्याचें समाधान मानणें होय. नांव ऐकलें असणें आणि तें साधन केव्हां, कसें, कोठून व कोणत्या मर्यादेंत वापरावें हें ठाऊक असणें, ह्यांत तेंच अंतर आहे. त्याच पाहणींतील वापराचे आंकडे हें अंतर दाखवितात. १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ६६.७ कोणता ना कोणता उपाय करितात. परंतु त्यांतील ३७.९ ह्या एकट्या स्त्रीनसबंदीच्या आहेत. निरोध ९.५, गोळ्या ५.१, तांबी २.१. म्हणजे सर्वाधिक वापर आहे तो कायमच्या उपायाचा. तांदुळजाच्या पाठांतील ‘वंध्या’ हें फलच शस्त्रक्रियेच्या सुरक्षित रूपानें आमच्यांत अजून प्रमुख राहिलें आहे. तरुणाचा ‘आतां नको’ अद्याप कोपऱ्यांतच आहे. आणि हा ‘आतां नको’ म्हणण्याची वेळ ज्यांवर येते त्या थोड्या नाहींत. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २३.३ जणींचें लग्न १८ वर्षांच्या आंत झालेलें होतें, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकीं शेंकडा ६.८ माता झालेल्या किंवा गर्भवती होत्या.

कायद्याची भाषा ह्या बाबतींत समाजाच्या पुढें गेली आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यांत, साधन फसल्यामुळें राहिलेल्या गर्भाविषयींच्या कलमांत, विवाहित स्त्री व तिचा पति असे शब्द होते. २०२१ च्या दुरुस्तीनें तेथें स्त्री व तिचा जोडीदार असे शब्द आले. पाठभेदाचा अभ्यास करणाऱ्यांनीं एका शब्दाच्या बदलाचें मोल जाणावें. परंतु शाळांत किशोरवयीनांसाठीं तयार केलेल्या शिक्षणक्रमावर २००७ मध्यें गदारोळ झाला, आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तो थांबविला गेला. जन्मभर वर्गांत उभे राहिलेल्यास एवढें ठाऊक असतें कीं, शिक्षकानें न शिकविलेला धडाही मुलें शिकतातच. मात्र तो तीं चुकीच्या पुस्तकांतून शिकतात.

त्या चुकीच्या पुस्तकांत आमच्या प्रकाशनांची भर पडूं नये, एवढीच ह्या लेखाची विनंति आहे. गर्भनिवारणाचा पाठ मिळाला तर तो गाळूं नये. परंतु त्याखालीं टीप असल्यावांचून छापूंही नये. मात्रा दिलेली नाहीं, फल तात्पुरतें कीं कायमचें हें अस्पष्ट आहे, आधुनिक परीक्षणांत अमुक दिसलें, आणि हा उपाय करून पाहण्याचा नाहीं, इतकें त्या टिपेंत यावें. ऋतुकालाचें वचन छापतांना हेंही सांगावें कीं, ऋतु नुकता सुरू झालेल्या मुलींत तो कांहीं वर्षें अनियमित असतो, म्हणून दिवस मोजण्यावर त्यांनीं विसंबूं नये. गर्भाबरोबर संसर्गजन्य रोगही टाळणारें साधन निरोध हेंच आहे. आणि संबंधानंतर ७२ तासांच्या आंत घ्यावयाची गोळी ही प्रसंगापुरती आहे, ती नित्याच्या साधनाची जागा घेऊं शकत नाहीं.

अभिमानच बाळगावयाचा तर त्यास योग्य स्थळही आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें शोधिलेली, पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां व पुढें एकदां घ्यावयाची, संप्रेरकरहित गोळी १९९१ मध्यें ‘सहेली’ ह्या नांवानें बाजारांत आली. ती ह्याच देशांतील विद्वानांची कृति आहे, तिची मात्रा लिहिलेली आहे, आणि ती बंद केल्यावर गर्भधारणा पुन्हां होऊं शकते.

संग्राहकांस शेवटीं एक सूचना. ‘समाजस्वास्थ्या’चे अंक हलक्या कागदावर छापलेले आहेत, आणि जे होते त्यांतील पुष्कळ लपवून ठेवल्यामुळें किंवा लाजेनें जाळल्यामुळें गेले असावेत. जुनें कपाट रिकामें करितांना पोथ्या वेगळ्या काढून मासिकें रद्दींत टाकण्याची चाल आहे. ती सोडावी. वैद्यकाचें बाड आणि हे अंक एकाच फडताळांत शेजारीं ठेवावे, व दोहोंची नोंद एकाच काळजीनें करावी. पुढचा अभ्यासक दोन्हीं उघडील तेव्हां बाडांत त्याला वैद्याचा पाठ मिळेल आणि अंकांत प्रश्न विचारणारा तरुण मिळेल. इतिहासास दोघांचीही गरज आहे.